डाळिंबी रंग आणि तुळजारामचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. आता मोटार म्हणवून घ्यायचे तर निदान चार चाके तरी हवीत, आणि माझी रबरे या लढाईच्या धामधुमीत कुणीतरी काढून नेली. पापनाशमला एका भातगिरणीच्या मागे झावळ्यांचा मांडव आहे, तिथे विटांच्या चार थप्प्यांवर मी बसले आहे. मागच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालतात. त्यांना हाकलावे तर मला ना हात, ना तोंड. एक भोंगा आहे खरा, पण तो दुसऱ्याने दाबला तर वाजतो. माझे सगळे रडगाणे या भोंग्याचेच आहे, म्हणून ते आधी सांगून ठेवले.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्यात माझ्या पत्र्यावर आधी करड्या रंगाचे अस्तर चढवले आणि मग त्यावर डाळिंबी रंगाचे फवारे मारले. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा, असे सहा थर. डाळिंबाचा दाणा उन्हात धरून बघा, म्हणजे मी कशी दिसत होते ते कळेल. बढाई मारत नाही. मद्रासच्या धक्क्यावर पेटी फोडली तेव्हा हमालसुद्धा हातातले काम टाकून बघत राहिले होते.

मला घेतले तंजावरच्या बाळकृष्णरावांनी. तिरुवैयारुकडे त्यांची भातशेती होती आणि मेल वीधी या रस्त्यावर मोठे घर होते. त्यांच्या आजोबांना राजांच्या काळात पालखीचा मान होता. पुढे राज्य खालसा झाले, मान गेला, पालखी माळ्यावर गेली, पण मिरवायची हौस काही गेली नाही. ती सगळी हौस रावांनी माझ्यावर फेडली. सकाळी उठले की आधी माझ्याकडे यायचे आणि माझ्या दारात बघून मिशा सारख्या करायचे. त्यांच्या पत्नी भामाबाई. त्यांनी केसांना तेल लावले असेल तर राव त्यांना मागे टेकून बसू द्यायचे नाहीत.

"माझं तोंड कधी एवढ्या मायेनं पाहिलं नाही," भामाबाई म्हणायच्या. "हिच्याशीच लावायचं होतं लग्न!"

"हिच्यासाठी उलटा मलाच हुंडा द्यावा लागला ना," राव हसून म्हणायचे.

अशा लाडात मी वाढले. पण मित्रांनो, लाडानेही अंगावर ओरखडे उठतात. रावांना धीर नसे. धुळीच्या रस्त्याने घरी आलो की खांद्यावरचे उपरणे काढून तसेच कोरडे माझ्यावर फिरवायचे. धुळीत बारीक वाळू असते. एका पावसाळ्यानंतर ऊन पडले आणि माझ्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसायला लागल्या. सावलीत दिसत नसत, उन्हात नेले की उठून दिसत. राव तर कपाळाला हात लावून बसले.

तेव्हा माझ्या आयुष्यात तुळजाराम आला. त्याचा पणजा रावांच्या घरची पालखी चमकवायचा. पालख्या गेल्यावर त्यांच्या घराण्याने वीणांना पॉलिश करायला घेतले. फणसाच्या लाकडावर हात फिरवून फिरवून तुळजारामच्या उजव्या अंगठ्याला एक वेगळीच समज आली होती. तो माझ्या अंगावरून डोळे मिटून अंगठा ओढायचा आणि रंग कुठे किती जाड उरला आहे ते सांगायचा. मला तर गुदगुल्या व्हायच्या.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. आधी विहिरीच्या पाण्याच्या बारा घागरी, वरून खाली, नुसत्या ओतायच्या. धूळ पाण्याबरोबर निघून गेल्याशिवाय फडके लावायचे नाही. मग मला सावलीत घ्यायचे, पत्रा थंड होऊ द्यायचा, आणि फलानीनचे मऊ, ओले फडके घेऊन डब्यातला मसाला लावायचा. हा मसाला दह्यासारखा घट्ट असे आणि रंगाला अगदी हलके खरवडे. तुळजारामचा हात सरळ रेघेत जायचा, गोल कधीच नाही. जाळे गेले की तिथेच थांबायचा. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा हात. मग मी अशी दिसायचे की गोपुरावरचे कबूतर माझ्या टपात दिसावे.

पहिल्या वेळी काम संपल्यावर त्याने ते फडके रावांपुढे धरले. ते डाळिंबी झाले होते.

"बघा राव. हा मळ नाही. ही हिची कातडी आहे."

"म्हणजे?"

"जाळं वरवरचं असतं. ते घालवायचं तर त्याच्याएवढा रंग खरवडून काढावा लागतो. दर वेळी ही थोडी झिजणार. जपून वापरा."

राव हो हो म्हणाले. पण सवय कुठे सुटते? चार वर्षांत पाच वेळा जाळे पडले आणि पाच वेळा तुळजारामने ते काढले. पाचही फडकी त्याने धुऊन, गाठोडे बांधून ठेवली होती. पाचव्या वेळी त्याने बॉनेटच्या कडेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"आता मसाला बंद, राव," तो म्हणाला. "कडेला कांद्याच्या सालीएवढा रंग राहिलाय. इथून पुढे फक्त पाणी आणि मेण."

मी मनातल्या मनात त्याला हात जोडले. मलाही तेच सांगायचे होते.

त्याच वर्षी गावात एक टूम निघाली. विजयादशमीला शिवगंगा बागेजवळच्या मैदानात जिल्ह्यातल्या सगळ्या मोटारी रांगेत उभ्या करायच्या, मद्रासचा एक गोरा इंजिनिअर त्या बघणार, आणि सर्वांत देखण्या मोटारीच्या मालकाला कलेक्टरसाहेबांच्या हस्ते चांदीचा पेला मिळणार. रावांच्या डोळ्यांपुढे तो पेलाच नाचायला लागला. आजोबांची पालखी, आणि आपला हा पेला!

तुळजारामचे वेगळेच होते. पापनाशमचे गिरणीवाले रघुपती यांच्याकडे दोन मोटारी होत्या. ते रावांना रायर म्हणत. त्यांनी सांगून ठेवले होते, "रायरांची गाडी मैदानात बघतो. काम मनात भरलं तर माझ्या दोन्ही तुझ्याकडे. माझ्या ओळखीचे आणखी चार जण आहेत." तुळजारामने स्टेशनाजवळ एक पडवी बघून ठेवली, आणि फणसाच्या फळीवर स्वतःचे नाव रंगवून पाटीही केली. चार पिढ्या दुसऱ्याच्या दारात काम करण्यात गेल्या होत्या. आता त्याचे स्वतःचे दार होणार होते. सगळे माझ्या अंगावर अवलंबून होते, आणि त्याने मला किती हळुवारपणे तयार केले म्हणून सांगू! बारा घागरींऐवजी वीस ओतल्या. मसाल्याचा डबा उघडलासुद्धा नाही. नुसते मेण लावले, आणि म्हणाला, "पोरी, उन्हात थोडं जाळं दिसेल तुझं. दिसू दे. चार हात लांबून कुणाला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी आयुधांची पूजा होते. सुताराची करवत, शिंप्याची कातर, सगळे देवीपुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. तुळजारामची हत्यारे दर वर्षी रावांच्याच घरी पूजेला असत. त्याने फडकी, मेण, मसाल्याचा डबा आणि ती नवी पाटी चौरंगावर मांडली. भामाबाईंनी प्रत्येकावर चंदनाचा टिळा लावला, फूल वाहिले. मलाही टिळा लागला, चाकांखाली लिंबे ठेवली. तुळजाराम घरी गेला. संध्याकाळी सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, घ्यायला येतो म्हणाला.

दुपारी जेवणे झाली, घर आडवे झाले. रावांना झोप कुठली! ते बाहेर आले आणि उन्हात उभ्या असलेल्या माझ्याकडे वाकून बघायला लागले. बॉनेटवर जाळे दिसत होते. अगदी पुसट, पण दिसत होते.

"अय्यो," ते पुटपुटले. "हे साहेब बघणार. नक्की बघणार."

त्यांनी इकडे तिकडे पाहिले. तुळजारामला बोलवावे तर खंडेनवमी, तो हत्यार उचलायचा नाही. राव आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मसाल्याचा डबा होता. टिळा लावलेला, झाकणाला झेंडूची पाकळी चिकटलेली. देवीपुढचा डबा त्यांनी उचलून आणला होता. फडक्यांना हात लावायचा मात्र धीर झाला नाही. त्यांनी खांद्यावरचे रेशमी उपरणे काढले.

मित्रांनो, मी ओरडले. मला जेवढे ओरडता येते तेवढे ओरडले, म्हणजे काहीच नाही. पत्रा भाजत होता. पाणी नाही, सावली नाही. राव गोल गोल घासायला लागले. पाच-दहा हात होतात न होतात तोच चमक आली आणि त्यांना हुरूप चढला. "वा! वा!" म्हणत ते बॉनेटच्या कडेवर आले. तीच कड. मी भोंग्याकडे बघत होते. त्यांचे कोपर चुकून तरी लागेल, भोंगा वाजेल, भामाबाई धावत येतील! लागले नाही. माझा उरलासुरला थरही गेला, आणि तळहाताएवढे करडे अस्तर उघडे पडले.

रावांचा हात थांबला. त्यांनी उपरण्याकडे बघितले, ते डाळिंबी झाले होते. मग ते तिथेच पायरीवर बसले.

तुळजाराम सुंडल घ्यायला आला तेव्हा राव अजून बसलेलेच होते. तुळजारामने डबा पाहिला, उपरणे पाहिले, मला पाहिले. जवळ येऊन त्याने त्या करड्या डागावर अंगठा ठेवला.

"काहीतरी कर, तुळजाराम," राव म्हणाले. "उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की लगेच कर."

"काय करू, राव? खाली रंग असता तर वर आणला असता. आता खाली पत्राच आहे."

"हाच रंग मिळत नाही कुठे?"

"विलायतेत मिळत असेल."

"मग मी मैदानात जाऊ कसा?"

"नका जाऊ," तुळजाराम हळूच म्हणाला. "पोरीला ताप आला म्हणून सांगा."

पण रावांची मोटार येणार म्हणून गावभर झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी झेंडूचा जाडजूड हार आणवला आणि माझ्या बॉनेटवर आडवा घातला. दसऱ्याचा दिवस, हार कुणाच्या डोळ्यांवर येणार? तुळजाराम आमच्याबरोबर आला. धुतलेले फडके खांद्यावर, कपाळाला कालचेच चंदन. त्याचा चेहरा उतरलेला होता.

मैदानात चौदा मोटारी होत्या. गोरा इंजिनिअर माझ्यापाशी थांबला, दारात वाकून बघितले, मान डोलवली. रघुपती मागेच होते, त्यांनी तुळजारामकडे बघून भुवया उडवल्या. क्षणभर मलाही वाटले की निभावले. आणि त्या साहेबाने छडीच्या टोकाने हार उचलला.

करड्या डागावर ऊन पडले. कुणीतरी हसले. साहेब काही बोलला आणि पुढे गेला. रघुपती मात्र पुढे झाले.

"हे काय रायर? कुणी केलं हे?"

रावांनी तोंड उघडले. मला वाटले, आता सांगतील. सांगतीलच. चार लोक हसतील, दोन दिवस बोलतील, विसरतील. रावांनी आजूबाजूला पाहिले. कलेक्टरसाहेब होते, गावातले सगळे मोठे लोक होते. त्यांच्या कपाळावर घाम डबडबला.

"माझ्या गाडीला तुळजारामशिवाय कुणी हात लावतं का?" ते म्हणाले.

सगळे तुळजारामकडे वळले. त्याने रावांकडे पाहिले. असे पाहिले की आजही ते आठवले की मला कसेतरी होते. त्याने नाही म्हटले असते तर? पण चार पिढ्यांत त्या घराचा शब्द त्यांच्यातल्या कुणी खाली पडू दिला नव्हता, आणि तेही साहेबलोकांपुढे!

"चूक झाली," तुळजाराम म्हणाला. खांद्यावरचे फडके काढून त्याने हातात घेतले आणि गर्दीतून निघून गेला.

मी सगळे पाहिले होते, मित्रांनो. एकटी मीच होते तिथे, जिने सगळे पाहिले होते. आणि मी मूग गिळून उभी होते, कारण माझा भोंगा कुणी दाबत नव्हते.

रघुपतींच्या मोटारी पॉलिशसाठी मद्रासला जायला लागल्या. स्टेशनाजवळच्या पडवीत विड्याच्या पानांचे दुकान आले. मोटारीचा रंग खाणारा माणूस असे तुळजारामचे नाव पडले. वीणा करणारेही काम द्यायला कचरायला लागले. शेवटी तो तिरुवैयारुला एका देवळात गेला. तिथे पितळी समया आणि भांडी चिंच आणि वाळूने घासायचे काम मिळाले.

राव सुखी झाले म्हणता? छे. त्यांनी मला पुन्हा कधी पुसले नाही. माझ्यावर ताडपत्री टाकली आणि माझ्याजवळून जाताना ते तोंड फिरवायला लागले. भामाबाईंना धुण्यात ते उपरणे सापडले होते. त्या ताडपत्रीजवळ उभ्या राहून रावांना म्हणाल्या, "हे काय लागलंय?" राव म्हणाले, "कुंकू असेल पूजेचं." भामाबाईंनी ताडपत्री वर करून बॉनेट बघितले आणि त्या उपरणे घेऊन आत गेल्या. नंतर आठ वर्षे त्याही गप्पच होत्या. घराची अब्रू म्हणजे काय असते, ते मला तेव्हा कळले. ती राखायला सगळे घर मुके व्हावे लागते.

लढाई आली, पेट्रोल मिळेनासे झाले, आणि रावांनी मला विकायला काढले. बघायला आले तेच रघुपती. त्यांनी ताडपत्री ओढली, डागावर बोट ठेवले.

"त्या तुळजारामनं वाटोळं केलं हिचं," ते म्हणाले. "नाही तर सोन्यासारखी गाडी."

राव खाली बघत राहिले. तेवढ्यात भामाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात घडी केलेले उपरणे होते. त्यांनी ते उलगडून डागाशेजारी बॉनेटवर ठेवले. आठ वर्षांत रंग फिका झाला होता, पण माझाच होता, कुणालाही कळले असते.

"हे उपरणं तुळजारामचं नाही," भामाबाई म्हणाल्या. "आता तरी सांगा. मी यांच्यासमोर तुमच्या पाया पडते."

रावांनी उपरण्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "मी घासला. खंडेनवमीला. देवीपुढचा डबा उचलून मी घासला."

रघुपतींनी उपरण्याची घडी करून भामाबाईंच्या हातात दिली. मग म्हणाले, "गाडी मी नेतो. पण तिला त्याचाच हात लागेल. बोलवा त्याला. माझ्या दुसऱ्या गाड्याही त्याच्याकडेच."

माझा आनंद काय सांगू! दोन दिवसांनी तुळजाराम आला. केस पांढरे झाले होते. राव पायरी उतरून खाली आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "मी सांगितलं, तुळजाराम. रघुपतींना सगळं सांगितलं."

"सरी, राव," तो म्हणाला. सरी म्हणजे ठीक आहे. रागावला नाही, हसलाही नाही.

"तुझी पाटी आहे ना अजून? लाव आता," भामाबाई म्हणाल्या.

"आहे की, बाईसाहेब. समया घासताना पाट म्हणून घेतो बसायला. नाव खालच्या बाजूला येतं."

त्याने विहिरीच्या घागरी मागितल्या. वरून खाली, सावकाश, बारा घागरी. आठ वर्षांची धूळ माझ्या अंगावरून वाहून गेली. मग मला सावलीत घेतले. मी थंड झाले. त्याने डोळे मिटले, दारावर अंगठा ठेवला आणि ओढला.

मला गुदगुल्या झाल्या नाहीत. अंगठा लाकडासारखा होता. चिंच आणि वाळूने त्याच्यावर घट्ट्यांचे कवच चढले होते. त्याने पुन्हा ओढला. डाव्या हाताचा ओढून पाहिला. मग डोळे उघडून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" रघुपतींनी विचारले.

"काही कळत नाही," तुळजाराम म्हणाला. "रंग आहे की नाही, कळतच नाही."

"अंदाजानं कर ना. तू चुकणार नाहीस," राव म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"अंदाजानं मी हिला हात लावत नाही, राव."

रंग होता हो! दारांवर पुरा एक थर होता, टपावर त्याहून जास्त. एक हलका हात फिरला असता तर मी पुन्हा डाळिंबासारखी उजळले असते, आणि त्याची पाटी स्टेशनाजवळ लागली असती. मला माहीत होते. मी त्याला हे कसे सांगणार होते? त्याने फडक्याने टिपून टिपून मला कोरडे केले, पाठीवर थोपटावे तसे टपावर थोपटले, आणि तो तिरुवैयारुच्या रस्त्याला लागला. राव फाटकापर्यंत त्याच्यामागे गेले.

रघुपतींनी मला पापनाशमला आणले, पण त्यानंतर मला कुणी धुतले नाही. पुढच्या वर्षी राव वारले. गिरणीचा कोंडा उडून माझ्यावर बसतो, मी बसू देते.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. एखादी वस्तू जीव की प्राण असेल तर तिच्यावर कोरडे फडके फिरवू नका, आधी पाणी ओता. हात कुठे थांबवायचा, ते ज्याला कळते त्याचे ऐका. आणि चुकलात तर तिथल्या तिथे सांगून टाका, आठ वर्षे थांबू नका. तुम्हाला तोंड आहे, ते दुसऱ्या कुणी दाबावे लागत नाही.

कधी पापनाशमला आलात तर गिरणीमागे या. माझ्या बॉनेटवर तो करडा डाग अजून आहे. कुणी बोट दाखवून विचारले, हे कुणी केले, तर बाळकृष्णरावांचे नाव सांगा. वाईट नव्हते ते, घाबरले होते, हेही सांगा. पण नाव त्यांचेच सांगा.